झिजलेल्या पानांची यादी

आमच्या चर्चच्या वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या डिंकमावशींनी त्यातलं एकही पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत, आणि सांगताना तसूभरही ओशाळत नसत. "दातांच्या डॉक्टरला कोणी विचारतं का, एवढ्या लोकांनी काय काय खाल्लं ते?" असं म्हणून त्या पुन्हा सुईत दोरा ओवायला लागत.

त्यांच्या बोटांना कायम खळीचा आणि डिंकाचा वास येई. त्यावरून मुलांनी कधीतरी हे नाव पाडलं आणि मोठ्यांनी ते उचललं. नवे पाळकसाहेब आले तेव्हा पहिले दोन आठवडे ते मोठ्या आदराने त्यांना पूर्ण नावाने हाक मारत. मावशींनी एकदाही ओ दिली नाही. मग तेही मावशी म्हणू लागले आणि कामं होऊ लागली.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या एका छापखान्यात छापलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, दुमडायला लागल्या, तिथेच शिलाई शिकल्या. छापखाना बंद पडला तेव्हा चर्चने त्यांना दोन महिन्यांसाठी बोलावलं, गीतांच्या पुस्तकांचे पुठ्ठे सुटले होते म्हणून. ते दोन महिने अजून संपायचे आहेत. वाचनालयामागची, पूर्वी गायकवृंदाचे झगे टांगायची खोली त्यांना मिळाली. खोलीत एक दाबयंत्र, घड्या दाबायची हाडाची पट्टी, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि मोरचूद घातलेल्या खळीचं पातेलं. खिडकी नव्हती. टेबलावरचा दिवा गेला तेव्हा तो दुरुस्त करायला एक वायरमन आला. तो पुढचे सहा आठवडे तोच दिवा दुरुस्त करायला येत राहिला आणि शेवटी त्याच चर्चमध्ये त्यांचं लग्न लागलं. दिव्यात काय बिघाड होता ते दोघांनीही कधी सांगितलं नाही.

आता त्यांच्या कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. फाटलेलं पान जोडायचं तर अर्धी तुटलेली ओळ उरलेल्या अर्ध्या ओळीला बरोबर जुळली पाहिजे. जुळली की नाही हे कळायला ती वाचावी लागते. मावशी तेवढंच वाचत. मग एका जाड वहीत नोंद करत: पुस्तक, पान, आणि पान कशाने गेलं. कारणांसाठी त्यांनी स्वतःचे शब्द ठरवले होते. पान खालच्या कोपऱ्यात मऊ पडून काळवंडलं असेल तर 'अंगठा'. गोल डाग असेल तर 'चहा'. आणि मधेच कुठेतरी कागद लहान टिकलीएवढा फुगून पुन्हा वाळला असेल तर 'थेंब'. थेंब कसले, हे त्यांनी वहीत लिहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "छत गळतं का आपलं? मग?"

एकतीस वर्षांत अशा तीन वह्या झाल्या होत्या. आमच्या वाचनालय समितीचा चिटणीस म्हणून त्या कपाटात सुरक्षित ठेवणं माझ्याकडे होतं. उघडून कोणीच पाहिल्या नव्हत्या.

त्या वर्षी आमच्या समितीपुढे एक गंभीर विषय आला. दोनेक वर्षांपूर्वी कोणा सभासदाने 'सात दीपस्तंभ' नावाच्या कादंबरीमालेचे सातही खंड भेट दिले होते. निळ्या कापडी बांधणीची, सहाशे-सहाशे पानांची पुस्तकं. किशोरवयीन मुलं त्यांच्यावर तुटून पडली. जादू होती, शाप होते, समुद्रातून वर येणारा ड्रॅगन होता. खजिनदारांना हे अजिबात रुचलं नव्हतं.

"चौथ्या खंडाच्या मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे," ते म्हणाले. "सोनेरी शाईत."

"पवित्र शास्त्रातही आहे की, प्रकटीकरणात," पाळकसाहेब म्हणाले.

"मुखपृष्ठावर नाही ना पण!"

पुस्तकं ठेवायची की काढायची याचा निर्णय घ्यायचा असं ठरलं. निर्णय घ्यायचा तर आधी वाचायला हवीत, असंही कोणीतरी म्हणालं आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागले. चार हजार दोनशे पानं होती. खजिनदारांना मोतीबिंदू होता. पाळकसाहेबांना प्रवचनं होती. मला इतिवृत्त होतं. तेव्हा खजिनदारांनी एक तोडगा काढला, आणि असा तोडगा आमच्याच समितीला सुचू शकतो.

"मुलं वाईट तेच पुन्हा पुन्हा वाचतात," ते म्हणाले. "मंत्र, चेटूक, जे काय असेल ते. म्हणजे तीच पानं झिजणार. डिंकमावशींकडून झिजलेल्या पानांची यादी घ्या. तेवढीच वाचू. साठ-सत्तर पानांत निकाल लागेल."

ठराव एकमताने मंजूर झाला.

मावशींना हे सांगायला मी गेलो तेव्हा त्या पुठ्ठ्यावर कापड दुमडत होत्या. हाडाची पट्टी एका घडीवरून दोनदा फिरवली. मग हळूच म्हणाल्या, "काढलीत पुस्तकं तर ती यायची बंद होईल."

'ती' म्हणजे त्यांची लेक. सतरा वर्षांची. चौदा महिन्यांपूर्वी वायरमनचं हृदय कामावरच बंद पडलं. अंत्यविधीनंतर लेकीने चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. घरातही तिचं बोलणं 'हं' आणि 'नको' या दोन शब्दांवर आलं होतं. मात्र शाळा सुटली की ती रोज वाचनालयात येई, खिडकीजवळच्या बाकावर बसे आणि निळं पुस्तक उघडे. मावशींच्या खोलीचं दार उघडं ठेवलं की तिची पाठ दिसे. मावशी दार उघडं ठेवत. त्यांच्या सोबतीत आता एवढंच उरलं होतं.

"मला वाटतं सातव्यावर आली असेल आता," मावशी म्हणाल्या. "सगळी सारखीच दिसतात हो, निळी. विचारलं की 'हं' म्हणते. यादी देते मी. पण काही वेडंवाकडं निघालं, तर पोरीला कुठे शोधू?"

यादी करायला त्यांना चार दिवस लागले. चौथ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. टेबलावर दोन वह्या शेजारी शेजारी उघड्या होत्या, एक जुनी, एक चालू.

"बसा," त्या म्हणाल्या. "मला एकटीला बघवत नाहीये हे."

जुन्या वहीत पवित्र शास्त्राच्या प्रतींच्या नोंदी होत्या. वाचनालयाच्या, म्हाताऱ्यांच्या, रविवारच्या शाळेच्या, मिळून दोनशेच्या वर प्रती त्यांच्या हातून गेल्या होत्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या सगळ्या ठरावीक ठिकाणीच झिजत. उधळ्या मुलाला बाप लांबून ओळखतो आणि धावत सुटतो तिथे अंगठा. प्रभूला तीनदा नाकारून शिष्य बाहेर जाऊन रडतो तिथे थेंब. वंशावळींची पानं मात्र आज छापल्यासारखी कोरी करकरीत. चालू वहीत निळ्या पुस्तकांच्या नोंदी होत्या. मावशींनी या वेळी तुटक्या ओळींच्या पुढेमागेही वाचलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा.

"हे बघा. पहिला खंड, पान एकशे चार. थेंब. एक बाई हरवलेल्या पोराच्या नावाने रोज एक ताट जास्तीचं वाढते. तो येतो, आणि ती त्याला एक अक्षर विचारत नाही. दुसरा खंड, तीनशे अकरा. थेंब. पहारेकरी म्हणतो, मी ह्या माणसाला ओळखत नाही. तिसरा खंड. तो दिवेवाला आहे ना, दीपस्तंभावरचा, नाव नसलेला? एका नावाड्याने फितुरी केलेली असते. ड्रॅगन त्याचा जीव मागतो. तर दिवेवाला म्हणतो, ह्याच्या जागी मी येतो. स्वतःच्या हाताने दिवा विझवतो आणि पाण्यात उतरतो. अंगठा आणि थेंब, दोन्ही." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "मंत्राची पानं मी मुद्दाम पाहिली. कोरी आहेत. पोरांनी एकदा वाचून सोडून दिलीत. वंशावळीसारखी."

मी दोन्ही वह्या पाहत राहिलो. दोनशे प्रती हाताळणारे बहुतेक आता कबरीत होते, निळी पुस्तकं वाचणारी मुलं अजून शाळेत. एकमेकांना न भेटता, न विचारता, सगळ्यांची बोटं येऊन त्याच जागी थांबली होती. हे इतिवृत्तात कसं लिहायचं ते मला सुचलं नाही.

"लेखकाने मुद्दाम केलं असेल का हो?" मावशींनी विचारलं.

"विचारायला लेखक कुठे आहे इथे?"

"पोरांना तर काही ठाऊक नसणार. रविवारी झोपतात मेली."

गुरुवारी चारला समिती बसली. पलीकडच्या वाचनकक्षात खिडकीजवळच्या बाकावर लेक नेहमीसारखी पाठ करून बसलेली होती. मधल्या दाराला काच होती. मावशींना साक्षीदारासारखं एका टोकाला बसवलं होतं आणि त्यांनी हात पदराखाली घेतले होते.

यादीप्रमाणे पानं वाचायचं काम पाळकसाहेबांकडे आलं. त्यांचा आवाज चांगला आहे. अर्ध्या तासात खोलीची तऱ्हा बदलली. खजिनदारांनी डोळे मिटून घेतले होते. ते झोपलेत असं मला वाटलं. पाळकसाहेब वाचत होते: पहाटेची वेळ आहे, किनाऱ्यावर शेकोटी पेटलेली आहे, ज्याला सगळे मेलेला समजत होते तो तिथे बसून मासे भाजतो आहे, आणि फितूर नावाडी पाण्यातून धडपडत त्याच्यापर्यंत येतो. तो काही बोलणार एवढ्यात त्याच्या हातात गरम मासा येतो. खा आधी, असं त्याला सांगितलं जातं.

"आमेन," खजिनदार म्हणाले. मग डोळे उघडून रुमालाने पुसले. "सुंदर. हा शुभवर्तमानातला कितवा अध्याय? फार दिवसांनी ऐकला."

"चौथ्या खंडातला आहे," पाळकसाहेब म्हणाले. "ड्रॅगनवाल्या."

खजिनदार बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिले.

"आपण उलट्या बाजूने शोधत होतो बहुतेक," पाळकसाहेब म्हणाले. "एवढंच एक राहिलं. तिसरा खंड, दोनशे बारा ते दोनशे एकोणीस. मावशींनी इथे तांबडी खूण केली आहे. सगळ्यात जास्त झिजलेली पानं."

"हां, बघा," खजिनदार जरा सावरून बसले. "असेल काहीतरी."

पाळकसाहेबांनी आधी मनात वाचलं. पान उलटलं, मग आणखी एक. "इथे काहीच घडत नाही," ते म्हणाले. "दिवेवाला गेलेला आहे. दोन मुली दीपस्तंभात बसल्या आहेत. वात विझलेली आहे, तेल सांडून गेलंय. त्या दिव्याची काच पुसतायत. बोलत नाहीत. दिवस जातो. पुन्हा काच पुसतात. आठ पानं हेच. पुढच्या प्रकरणात दिवा आपोआप पेटतो, तो परत येतो वगैरे. ते पान तर अगदी नवं आहे."

"मग हे का झिजलं?" खजिनदारांनी विचारलं.

"मलाही तेच कळेना," मावशी म्हणाल्या. "माझ्या वहीत ह्याला जोड नाही. शास्त्राच्या जुन्या प्रतींत प्रभूच्या कबरीवर धोंड लोटतात आणि लगेच खालच्या ओळीत पहाट होते. मधे नुसती कोरी जागा आहे, बोटभर. तिथे झिजायला काही नाहीच."

पुस्तक त्यांनी आपल्याकडे ओढलं. सवयीने मागचा पुठ्ठा उघडला, बांधणी सैल झाली का ते पाहायला. तिथे देवघेवीची चिठ्ठी चिकटवलेली असते, तारीख आणि सभासद क्रमांक. कोण काय नेतं हे त्या कधी वाचत नसत, त्या फक्त चिठ्ठीच्या कडा दाबून पाहत. या वेळी त्यांचं बोट चिठ्ठीवरच थांबलं.

चिठ्ठीवर चौदा ओळी भरलेल्या होत्या. अकरा ओळींत एकच क्रमांक होता: चारशे सतरा. तो क्रमांक लेकीच्या कार्डावर त्यांनी स्वतः लिहिला होता, ती सहा वर्षांची असताना.

"सातव्यावर नाही गेली ती," मावशी म्हणाल्या. आम्हा कोणाला उद्देशून नव्हे. "वर्षभर इथेच आहे."

त्या पुस्तक घेऊन उठल्या. समितीची परवानगी वगैरे त्यांनी घेतली नाही. मधलं दार उघडून पलीकडे गेल्या, आणि दार लावायचं राहिलं, म्हणून आम्हाला ऐकू आलं.

लेकीने आईच्या हातातलं पुस्तक पाहिलं. "काढणार ना?" ती म्हणाली. 'हं' आणि 'नको' सोडून हे तिचं बऱ्याच महिन्यांतलं पहिलं वाक्य असावं. "काढा. मला पाठ आहे."

मावशी बाकावर तिच्या शेजारी बसल्या. "वाचली मी ती आठ पानं."

"तू? पूर्ण?"

"पूर्ण. दोनदा."

"मग?"

"त्या काच का पुसतात? आत ज्योत नाही, काही नाही."

"दुसरं काय करणार?"

"मला वाटलं, उद्या तो येणार आहे हे त्यांना माहीत असेल."

"नाही ना माहीत! तेच तर." तिचा आवाज एकदम चढला आणि खजिनदार खुर्चीत दचकले. "त्यांना माहीत नाहीये, आणि लिहिणारा त्यांना सांगतही नाही. घाई करत नाही. आई, बाबा गेले त्या दिवशी संध्याकाळीच सगळे यायला लागले. चांगल्या जागी गेले, रडू नकोस, पुन्हा भेट होणार आहे. पाळकसाहेबांनी तर तिथेच, मातीजवळ, आनंदाचं गीत घेतलं. कोणी एक दिवससुद्धा थांबलं नाही. एक दिवस!"

पाळकसाहेबांनी खाली पाहिलं.

"मीही तेच म्हणाले होते तुला," मावशी म्हणाल्या.

"हो. तूसुद्धा."

"मला भीती वाटत होती ग. बोलायची थांबले असते तर..." त्यांनी मांडीवरचं पुस्तक उघडलं आणि झिजलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "एकतीस वर्षं ते पान चिकटवतेय मी. धोंड लोटली, पहाट झाली. मधे एक अख्खा दिवस गेला असेल, हे माझ्या डोक्यातच नाही आलं. तो तिथे आत पडून. त्याची आई बाहेर कुठेतरी, कोणाच्या तरी घरी. तिला कोण काय सांगत असेल? भांडी घासली असतील तिने. काय करणार?" त्या लेकीकडे वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते प्रवचन ऐकताना कोणाच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. "म्हणजे देवसुद्धा थांबला होता ग. त्यानेसुद्धा घाई नाही केली."

लेक आईकडे पाहत राहिली. मग तिने खांद्याने आईच्या खांद्याला हलकं ढकललं. "मला वाटायचं, हे पान आवडणारी मी एकटीच बिघडलेली."

"मला ऐकव," मावशी म्हणाल्या. "मी फक्त डोळ्यांनी वाचलंय. तुझ्या तोंडून ऐकू दे."

लेक वाचू लागली. पुस्तकाकडे फारसं न पाहता. पाळकसाहेब उठून दारापर्यंत गेले. मला वाटलं, ते आता काहीतरी बोलतील. पण ते लहान मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसले आणि गप्प राहिले. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी हे केलं असतं तर बरं झालं असतं, हे त्यांनाही कळलं असावं. मागून खजिनदार आले आणि त्यांच्याशेजारी टेकले. मीही इतिवृत्ताची वही मिटली. विषय क्रमांक चारपुढे आजपर्यंत काहीही लिहिलेलं नाही, आणि पुस्तकं फळीवर आहेत.

दोन मुली काच पुसत होत्या. बाहेर समुद्र काळा होता. कोणी येत नव्हतं. वाचताना लेकीचा आवाज दोनदा अडकला आणि दोन्ही वेळा मावशी, पुढे वाच, असं म्हणाल्या नाहीत. ती आपोआप सुरू होईपर्यंत आम्ही सगळे बसून राहिलो.

दोनशे एकोणिसावं पान संपलं. लेकीने पान उलटायला बोट घातलं. पुढचं प्रकरण कोरं करकरीत, न हाताळलेलं होतं.

"पुढचं वाचू?" तिने विचारलं.

"तुला वाचायचंय?"

तिने विचार केला. "आज नको."

"मग आज नको," मावशी म्हणाल्या, आणि तिच्या हातावर हात ठेवून तशाच बसून राहिल्या.